कुत्री कोनाची हाये?

आमच्या वऱ्हाडात अनोळखी मुलगी दिसली की तिला नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कोनाची व तू?" पुण्याकडच्या लोकांना हा प्रश्न उद्धट वाटतो म्हणे. मला तो उद्धट कधी वाटला नाही, मला त्याची भीती वाटायची. उत्तर ऐकून समोरची बाई एक तर सतरंजी पसरते, नाही तर पसरलेली गुंडाळते, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

साठ साल असेल. अमरावतीहून मी अकोल्याला आले ती मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून. बाप अमरावतीला एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बोजे वाहायचा. त्याच्या भुवयांत कायम कापूस अडकलेला असे. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि रिकाम्या भिंतीवर एक तसबीर लावली. कोणाची ते सांगायला नको. मी अकोल्याला निघाले तेव्हा तशीच एक लहान तसबीर त्यानं माझ्या पेटीत साड्यांच्या वर ठेवली. म्हणाला, "गेल्याबरोबर खिळा ठोकजो."

पहिला महिना मी मावशीकडे काढला, रेल्वे लाइनीपलीकडच्या आमच्या वस्तीत. एका खोलीत नऊ माणसं. वह्या तपासायला कोपरा मिळत नाही, म्हणून मी दुसरी खोली शोधते आहे असं सगळ्यांना सांगत होते. ते खरं होतं, पण अर्धंच. मला चांगल्या घरात राहायचं होतं. दगडी जिना, अंगणात तुळस, खिडकीला गज, असं घर मला हवं होतं आणि ते हवं असण्याची मला लाजही वाटत होती. सहा घरं बघितली. सहाही ठिकाणी ओट्यावरच विचारलं, "कोनाची?" मी सांगितलं की खोली लगेच कुठल्या तरी भाच्याला दिलेली निघायची. अकोल्यात इतके भाचे असतील असं मला वाटलं नव्हतं.

सातवं घर जुन्या शहरात होतं. मालकीण पन्नाशीची विधवा. नवरा हयात असताना घरोघरी पूजा सांगायचा. मुलगी वरूडकडे दिलेली, घरात ही एकटी. तिनं "कोणाची" असं विचारलंच नाही. आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, असली आडनावं कोणत्याही जातीत सापडतात. तिच्या माहेरच्या नात्यात त्याच आडनावाचं एक घर होतं.

"अगं बाई, म्हणजे आपल्यातलीच की तू!" ती म्हणाली.

तेव्हा नुसतं तोंड उघडायचं होतं. मी उघडलंही. आणि विचारलं, "नळाला पाणी किती वाजता येतं?"

मी खोटं बोलले नाही, असं मी पुढे पाच महिने स्वतःला बजावत राहिले. वरची खोली मिळाली. तसबीर पेटीत होती तिथून काढली आणि तळाशी ठेवली, साड्यांखाली, पालथी. भिंतीत खिळा आधीचाच होता. त्याला मी छत्री टांगली.

सगळ्यात जड गेलं ते बोलणं. आमच्या घरी 'मले' म्हणतात, मालकीण 'मला' म्हणायची. शाळेत फळ्यासमोर मी 'मला' म्हणतच होते, पण फळा सुटला की जीभ घरी जाते. आता तिला घरी जायची सोय नव्हती. झोपेतून उठतानासुद्धा मी आधी 'ला' आठवायची. एकदा दाराच्या फटीत बोट चेमटलं आणि तोंडातून निघून गेलं, "मले लागलं व माय!" माझ्या अंगाला घाम फुटला. मालकीण हसली. "शाळेतल्या पोरींचं ऐकून ऐकून तुझी जीभ बिघडून राहिली," म्हणाली आणि बोटाला हळद लावून दिली.

हळद लावणारी बाई होती ती, हेही सांगितलं पाहिजे. रविवारी सकाळी अंगणात बसवून माझे केस विंचरायची. वरूडहून लेकीनं पाठवलेली संत्री सोलून माझ्या हातात फोडी द्यायची. तिच्या गुडघ्याला पाठ टेकून बसलेली मी, आणि माझ्या केसांत तिची बोटं. किती सुख होतं त्यात! आणि त्या सुखातच मला वाटत असायचं, आत्ता विचारेल, आत्ता विचारेल.

दिवाळीनंतर गल्लीत ती कुत्री आली. मळक्या गव्हाच्या रंगाची, एक कान फाटलेला, पोट खाली लोंबलेलं. कुठून आली कोणाला माहीत नव्हतं. पोरं दगड मारायची, ती दोन हात सरकायची आणि पुन्हा तिथेच बसायची. एका सकाळी खाली उतरते तर जिन्याखालच्या सांदीत ती आडवी पडलेली आणि पोटाला चार पिलं लागलेली. मला बघून ती गुरगुरली.

कुत्र्यांना मी भिते. तेव्हाही भीत होते, आजही भिते. पण माझा जिना तोच, दुसरा रस्ता नव्हता. रोज सकाळी अर्धी भाकर आधी लांबूनच टाकायची, ती खायला लागली की पटकन उतरून पळायचं, असं मी सुरू केलं. त्याला कोणी प्रेम समजू नये. त्या भाकरीवर मी माझा जिना चढत-उतरत होते. तिनंही कधी शेपूट हलवली नाही. मालकीण पदर नाकाला लावून म्हणायची, "ही घाण घालवली पाहिजे ग." मी म्हणायची, पिलांचे डोळे उघडले की जाईल. डोळे उघडून पंधरा दिवस झाले तरी ती गेली नाही.

अशात बापाचं कार्ड आलं. त्याला लिहायला थोडंबहुत येत होतं, अक्षरं मोठी मोठी, ओळ वर चढत गेलेली. 'येत्या रविवारी येतो. त्या बाईले हात जोडाचे हायेत. अशा घरानं आपली पोरगी ठेवली, हे मी जिनात सगळ्याईले सांगून राहिलो. दिवस पालटले.'

ते कार्ड मी जिन्यातच वाचलं. बाप आला तर दारात उभा राहून छाती पुढे काढून आमचा नमस्कार घालणार. ते दोन शब्द एकदा अंगणात पडले की माझं आडनाव, माझं 'मला', माझे विंचरलेले केस, सगळं संपलं. त्याला कधी वाटलंच नव्हतं की बाईला माहीत नाही. त्याला वाटत होतं, बाईनं सगळं जाणूनच पोरगी ठेवली. मी उलट टपाली लिहिलं की रविवारी शाळेची तपासणी आहे, येऊ नका. रविवारी कसली तपासणी? पण शाळेतलं मी सांगेन ते बापाला खरं. कार्ड टपालपेटीत टाकलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचा लगेच रागही आला.

त्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी एका पिसाळलेल्या कुत्र्यानं म्हाताऱ्या माणसाची पोटरी फोडली. चार घरच्या लोकांनी नगरपालिकेत जाऊन तक्रार दिली, आणि गुरुवारी सकाळी मी शाळेला निघायच्या बेतात असताना कुत्र्यांची गाडी आली. पिंजऱ्याची गाडी, तिला रेडा जुंपलेला, बरोबर दोन माणसं. एकाच्या हातात लांब बांबू, टोकाला तारेचा फास. दुसऱ्याच्या काखेत वही आणि कानावर पेन्सिल.

गल्लीतली बाकीची कुत्री गाडीचा वास आल्याबरोबर पसार झाली. वाणी रोज ज्याला बिस्किट घालायचा तो काळा तर नदीकडे असा पळाला की मागे बघितलं नाही. पिंजऱ्यात आधीच तीन होती, एकमेकांवर पडलेली. गाडी आमच्या अंगणाशी थांबली. मी खिडकीत. मालकीण खाली तुळशीजवळ.

कुत्री सांदीतून बाहेर आली. पळायला डाव्या हाताची बोळ मोकळी होती, मला वरून स्पष्ट दिसत होती. तिनं त्या बोळीकडे बघितलं. मग ती वळली आणि पिलांना मागे घालून सांदीच्या तोंडाशी उभी राहिली. ओरडली नाही. दात काढले. बांबू पुढे आला तशी ती खाली बसली, बांबू मागे गेला तशी पुन्हा उभी. दोनदा फास तिच्या नाकावरून घसरला.

तेव्हा मला दिसलं की तिचे मागचे पाय थरथरत होते आणि त्यांच्याखालची फरशी ओली झाली होती. भीतीनं तिला मूत आलं होतं. आतापर्यंत मला वाटायचं की जे भीत नाहीत ते उभे राहतात, आणि आपण भितो म्हणून आपल्याला माफ आहे. ही माझ्याइतकीच भ्यालेली होती. पण ती तिथे उभी होती आणि मी गज धरून खिडकीत. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

वहीवाल्यानं वर बघून गल्लीला आरोळी दिली, "कुत्री कोनाची हाये? कोनाची असन त आत्ताच सांगा! मंग मले बोल लावू नोका!"

हे त्याला विचारावंच लागायचं. मालक पुढे आला, वहीत नाव लिहून दिलं आणि जनावराच्या गळ्यात पट्टा बांधला की ते सुटायचं. गल्लीत वीसेक माणसं गोळा झाली होती. दुसऱ्यांदा त्यानं विचारलं, "कोनाची?"

मी जिना कधी उतरले मला आठवत नाही. मी खालच्या पायरीवर होते आणि ओरडत होते, "थांबा! हे कुत्री माही हाये!"

'माझी' नाही, 'माही' निघालं. मालकिणीनं चमकून माझ्याकडे बघितलं, पण तिला वाटलं असेल पोरगी घाबरली. बांबूवाला थांबला. वहीवाल्यानं कानावरची पेन्सिल काढली, जिभेला लावली.

"नाव?"

सांगितलं.

"गाव?"

आडनाव पडलं ते मूळ गाव सांगितलं. त्याची पेन्सिल थांबली. तो माझ्याकडे नीट बघू लागला, आणि मी त्याच्याकडे. काळा, रापलेला, चाळिशीचा. मनगटाला निळा दोरा. आमच्या गावाचं नाव त्यानं ऐकलेलं होतं, त्या गावात ते आडनाव कोणाचं तेही त्याला माहीत होतं. पुढचा रकाना जातीचा होता. त्या काळी कोणत्याही वहीत तो असायचाच, कुत्र्याच्या वहीतसुद्धा.

तो एक पाऊल पुढे आला आणि अगदी हळू बोलला, "राहू दे बाई. रिकामा सोडतो हा रकाना. कुत्री सुटली तुयी."

तो माझं घर वाचवत होता. एका नजरेत त्यानं सगळं ओळखलं होतं, मी कुठे राहते, कशी राहते, माझी काय गत होईल. मी मान हलवायची, पट्टा बांधायचा आणि शाळेत जायचं, एवढंच उरलं होतं. मी मान हलवणारही होते. खरं सांगते, हलवणार होते.

पण मालकिणीला वाटलं, रकाना कोणता आणि लिहायचं काय यावर तो अडला आहे. माझ्या मदतीला ती तुळशीजवळून दोन पावलं पुढे आली. "अहो, लिहा ना! आमच्यातलीच आहे ती. माझ्या माहेरच्या नात्यातली म्हणा ना!" आणि तिनं आपली जात सांगितली.

वहीवाला माझ्याकडे बघत राहिला. पेन्सिल कागदाला टेकलेली. पाच महिने मी फक्त गप्प होते. आता माझ्या गप्प बसण्याची किंमत कागदावर उमटणार होती, माझ्या बापाच्या नावासमोर. मागे कुत्री धापा टाकत होती, तिचा श्वास माझ्या पोटरीला लागत होता. ती मला चावेल याचीही मला भीती वाटत होती, तेवढ्यातसुद्धा.

"नाई," मी म्हणाले. आवाज फाटका निघाला म्हणून पुन्हा म्हणाले, "नाई. त्यायले माईत नाई. बौद्ध लिवा."

वाण्यानं तागडी खाली ठेवली तेवढा आवाज झाला. वहीवाल्यानं लिहायला घेतलं, आणि त्यानं ते इतकं मोठं लिहिलं की अक्षर पुढच्या रकान्यात गेलं. मग खाकरून म्हणाला, "पट्टा बांधा बाई."

माझ्याकडे कसला पट्टा? कवायतीची शिट्टी गळ्यात होती, तिची लाल दोरी काढली. कुत्री मला जवळ येऊ देईना. शेवटी बांबूवाल्यानं फासानंच तिची मान अलगद दाबून धरली आणि वहीवाल्यानं दोरी बांधली. सोडल्याबरोबर ती त्या दोघांवरही गुरगुरली आणि माझ्यावरही. मग सांदीत जाऊन पडली. पिलं लगेच प्यायला लागली.

शिट्टी हातात घेऊन मी शाळेत गेले. त्या दिवशी कवायत घेतली की नाही, आठवत नाही.

संध्याकाळी आले तेव्हा मालकीण अंगणात उभी होती. डोळे सुजलेले. "तू मला सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं?"

ती आत गेली आणि संत्री घेऊन बाहेर आली, दोन. रोजच्यासारखी. माझा हात सवयीनं पुढे झाला. तिनं ती जिन्याच्या पायरीवर ठेवली आणि हात मागे घेतला. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "महिना भरेपर्यंत राहा. मी तुला काढत नाही आहे."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण पायरीवरच्या संत्र्यांशी भांडायचं कसं? मी त्यांना वळसा घालून वर गेले आणि बापाला कार्ड लिहिलं. खोली सोडते आहे, रविवारी या, तपासणी नाही.

रविवारी बाप पहिल्या गाडीनं आला. स्टेशनवरून चालत येताना मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसाच्या नळाच्या पाण्यापासून. मोर्णा नदीच्या पुलावर त्यानं थांबून बिडी पेटवली आणि न ओढताच विझवून टाकली. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. जिनात आता तो काय सांगेल, हाच विचार माझ्या डोक्यात.

मालकीण दाराआड होती. बापानं अंगणात चपला काढल्या नाहीत, हाकही मारली नाही. वर आला, खोली बघितली. खिळ्याला छत्री टांगलेली होती ती बघितली. मग दोरीवरच्या साड्या आणि वह्या पेटीत नीट बसाव्यात म्हणून त्यानं पेटी उपसायला घेतली. मी म्हणाले, राहू द्या, मी भरते. तोवर त्याचा हात तळाला लागला होता.

त्यानं तसबीर काढली. सुलटी केली. काचेवर साडीचे धागे चिकटले होते, ते धोतराच्या सोग्यानं पुसले. एकदा खिळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं म्हणून त्यानं विचारलं,

"मंग इतले दिवस अथी कोन राहून राहिली होती व?"

मी रडायला लागले. त्यानं मला रडू दिलं.

पेटी त्यानं डोक्यावर घेतली. एका हातानं पेटी धरली आणि दुसऱ्या हातानं तसबीर छातीशी, तोंड बाहेर करून. मी मागे वळकटी घेऊन. जिना उतरताना सांदीतून कुत्री उठली, गळ्यात लाल दोरी, आणि दात काढून उभी राहिली. बाप खालच्या पायरीवर थांबला. सासरी जाणाऱ्या पोरीशी बोलतात तशा मऊ आवाजात तिला म्हणाला, "बस, माय. बस. आमी चाललो."

ती बसली नाही. आम्ही भिंतीला लागून बाजूनं निघालो.

अंगणातून गल्लीत आलो. लोक ओट्यांवर आले होते. वाणी होता, बायका होत्या, गुरुवारी जमलेले सगळे होते. गल्ली लांब होती आणि बापाच्या डोक्यावरची पेटी एका बाजूला कलत होती. दोन्ही हात लावल्याशिवाय ती सावरणार नव्हती. तो थांबला, पण तसबीर खाली ठेवेना.

माझे पाय थरथरत होते. मी वळकटी खांद्यावर टाकली आणि हात पुढे केला.

"बाबा," मी म्हणाले, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "मले द्या."